नळाच्या पलीकडचं पाणी

उन्हाने तापलेल्या संथ तलावाचं हिरवं पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर एका जागी ठेवून द्या. पाण्यात साधं हिरवं शेवाळ असेल तर सकाळी ते बहुधा तळाशी बसलेलं दिसतं. पण कधी कधी उलट होतं. तळ आणि मधलं पाणी निवळतं, आणि सगळी हिरवाई वर चढून काचेला चिकटून जाड कडं धरते, जणू कुणी वरून रंग ओतलाय. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कड्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बुळबुळीत आवरणात रुतलेले शेकडो गोल दाणे, आणि प्रत्येक दाणा आतून काळपट. तो काळेपणा रंगाचा नसतो. पेशीत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्या प्रकाश विखुरतात, म्हणून दाणा काळा दिसतो. त्याच पोकळ्यांच्या जोरावर तो तरंगतो, सगळ्यांच्या आधी उन्हात पोचतो आणि खालच्यांचं ऊन अडवतो.

हे मायक्रोसिस्टिस. ज्याला आपण सरसकट निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्या सायनोबॅक्टेरियांपैकी एक. शेवाळ हे नाव सवयीने चिकटलंय, प्रत्यक्षात हे जिवाणू आहेत, आणि त्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळे. प्रत्येक हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषण करणारं हरितलवक हे यांच्याच एका पूर्वजाचं वंशज. तेव्हा मी जे लिहितोय ते या जिवांविरुद्ध नाही. आपण पाण्यात जे सोडतो आणि नंतर ज्या पद्धतीने हात झटकतो, त्याविरुद्ध आहे.

या जिवाणूंचं विष बातमीत कधी येतं ते पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडो शहराच्या नळांना मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिससारख्या सायनोबॅक्टेरियांचं विष, आलं. ईरी सरोवरातला हिरवा तवंग शहराच्या पाणी उपशाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. चार लाखांवर लोकांना सांगावं लागलं की पाणी पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. त्याआधी २००७ मध्ये चीनमधल्या ताइहू सरोवराने वूशी शहराची अशीच कोंडी केली होती. तिथे लाखो लोकांच्या नळाला दिवसेंदिवस घाण वासाचं पाणी येत होतं. टोलेडोत तिसऱ्या दिवशी मनाई उठली, नळ सुरू झाले, आणि बातमी तिथेच संपली. सरोवरातला तवंग मात्र तिथेच होता. त्याच्याखाली मासे होते, शिंपले होते, माशांची अंडी होती. त्यांच्यासाठी मनाईचा आदेश कुणी काढला नाही, आणि काढला असता तरी ते जाणार कुठे होते?

माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्याची सुरक्षितता आपण नळाच्या तोंडाशी मोजतो, ती पाण्याच्या आत मोजायला हवी. ही निव्वळ भूतदयेची गोष्ट नाही, जरी भूतदयेसाठीही ती करायला माझी हरकत नाही. पाण्यात राहणाऱ्यांना काय होतंय हे न पाहता आपण जे उपाय करतो, त्यातले काही विष कमी करण्याऐवजी मोकळं करतात, आणि ते शेवटी आपल्याकडेच परत येतं.

आपण जो आकडा प्रमाण मानतो तो कुठून आला ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा सुचवली: लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. हिशेब असा. उंदरांना १३ आठवडे हे विष देऊन यकृताला इजा न करणारी मात्रा काढली, ती खबरदारी म्हणून हजाराने भागली. मग ६० किलो वजनाचा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असं धरलं, आणि त्याच्या शरीरात जाणाऱ्या विषापैकी ८० टक्के पाण्यातून जातं असं मानून गणित मांडलं. उत्तर एकाच्या अगदी जवळ येतं. पुढे २०२० मध्ये थोड्या दिवसांपुरती १२ मायक्रोग्रॅम आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४ मायक्रोग्रॅम अशा मर्यादाही आल्या. हिशेब प्रामाणिक आहे, माणसासाठी उपयोगाचा आहे. पण तो ज्या देहासाठी केलाय तो देह दिवसातून दोन लिटर पाणी पितो आणि उरलेला वेळ कोरड्या हवेत राहतो.

पाण्याशी गाठ वेगळ्या तऱ्हेने पडली तर काय होतं, हे १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरूमध्ये दिसलं. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. डायलिसिसमध्ये रुग्णाचं रक्त आणि शंभरावर लिटर पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा तेवढा असतो. पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. पाण्यात विष किती आहे हा अर्धाच प्रश्न असतो. ते पाणी कुणाच्या शरीराला कुठून आणि किती वेळ भिडतं, हा उरलेला अर्धा.

आता मासा घ्या. त्याच्या कल्ल्यांवरून पाणी अखंड वाहत असतं. मायक्रोसिस्टिनचा रेणू मोठा असतो, तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही, हे मान्य करायला हवं. तो मुख्यतः खाण्यातून जातो. म्हणूनच गाळ चिवडत, जे मिळेल ते गिळत जगणाऱ्या कार्पला तो ट्राउटपेक्षा जास्त बाधतो. आतड्यातून तो यकृतात पोचतो, कारण यकृताच्या पेशींवर पित्तक्षार वाहून आणणारी जी दारं असतात त्याच दारांनी तो आत घुसतो. आत गेल्यावर तो पेशीचा सांगाडा राखणाऱ्या विकरांना जखडून टाकतो. पेशी आकार सोडून गोल होतात, शेजारच्या पेशीपासून सुटतात, आणि यकृत आतून उसवत जातं. समुद्रात जाळ्यांमध्ये वाढवलेल्या सामन माशांच्या यकृताच्या एका आजारामागेही मायक्रोसिस्टिनच सापडलं होतं. माशांच्या पिल्लांवर आणि अंड्यांवर प्रयोग झाले तेव्हा वेळेआधी फुटलेली अंडी, वाकडे कणे, खुजी पिल्लं दिसली. असं पिल्लू मेलं तर ते काठावर तरंगत येत नाही. ते नुसतं कमी होतं. काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं, या तलावात पूर्वी मासे बरे मिळायचे.

मायक्रोसिस्टिन हे एकटं विष असतं तर गोष्ट सोपी होती. त्याचे अडीचशेहून अधिक प्रकार ओळखले गेलेत. शिवाय ॲनाटॉक्सिन आहे, जे नसा आणि स्नायू यांच्यातल्या निरोपाची हुबेहूब नक्कल करतं आणि स्नायूला थांबायची खूण मिळूच देत नाही. सॅक्सिटॉक्सिन आहे, जे नसांतून जाणारा विद्युतसंदेशच अडवतं. सिलिंड्रोस्पर्मोप्सिन आहे, जे यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धरतं. बहुतेक ठिकाणी तपासणी होते ती मुख्यतः पहिल्याची.

विषाइतकाच घात प्राणवायूचा होतो. दिवसा तवंग प्रकाशसंश्लेषण करतो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, आणि पाण्याचा सामू नऊच्या वर जातो. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात विरघळलेला अमोनियम अमोनियात बदलतो, जो माशांना थेट जाळतो. रात्र पडली की तोच तवंग श्वास घेऊ लागतो आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपवत आणतो. अशा पहाटे काठावर उभं राहिलं तर एक दृश्य दिसतं, जे विसरता येत नाही. पृष्ठभागावर असंख्य तोंडं उघडत-मिटत असतात, आवाज मात्र जवळजवळ नसतो. सूर्य वर आला की मासे खाली जातात, उरलेले. दहा-अकराच्या सुमारास नमुना घ्यायला माणूस येतो तेव्हा यंत्र भरपूर प्राणवायू दाखवतं. आणि तवंग मेला की परिस्थिती आणखी बिघडते, कारण कुजताना तो उरलासुरला प्राणवायूही खातो. अशा मत्स्यमृत्यूवर ‘प्राणवायूची कमतरता’ असा शेरा मारला की चौकशी संपते. मेलेल्या माशाचं यकृत कापून पाहिलं जात नाही, त्यात विष किती हे मोजलं जात नाही. कमतरता खरी असते, पण ती कुणी आणली हा प्रश्न कागदावर येतच नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटणारा जीव दोन-तीन मिलिमीटरचा आहे. डॅफ्निया, पाण्यातली पिसू. हिचं अंग पारदर्शक असतं; भिंगाखाली धडधडणारं हृदय दिसतं, आतड्यातला हिरवा घास दिसतो, पाठीकडच्या पिशवीतली पिल्लं दिसतात. पाय सारखे हलवत ती पाणी गाळते आणि शेवाळ खाते. तलावाचं पाणी नितळ ठेवायचं काम कुणी करत असेल तर ते या पाणपिसवा करतात, आणि लहान मासे त्यांच्यावरच वाढतात. सायनोबॅक्टेरियांचे लांब तंतू पाण्यात वाढले की ते तिच्या गाळणीत अडकतात. मग ती आपल्या शेपटाकडच्या नख्यांनी घास बाहेर खेचून टाकते, पुन्हा गाळते, पुन्हा खेचते. मी एकदा हे बराच वेळ पाहत बसलो होतो. तंतूबरोबर चांगलं अन्नही फेकलं जात होतं. जे पोटात जातं त्यातही पोषण अपुरं, कारण सायनोबॅक्टेरियांत तिला लागणारी स्टेरॉलं आणि लांब साखळीची मेदाम्लं जवळजवळ नसतात, आणि वर विष. पाणपिसू उपाशी राहते, शेवाळ खाणारं कुणी उरत नाही, तवंग आणखी माजतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हे जिवाणू अब्जावधी वर्षं आहेत, जलचर त्यांच्यासोबत जगत आले आहेत, निसर्ग सांभाळून घेईल, असं म्हणणारे भेटतात. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरावरचा एक अभ्यास त्यांच्या बाजूने उभा राहतो. डॅफ्नियाची टणक कवचातली अंडी तळाच्या गाळात दशकानुदशकं टिकतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शास्त्रज्ञांनी गाळाच्या वेगवेगळ्या थरांतली अंडी काढून उबवली: प्रदूषण वाढण्याआधीची, ऐन प्रदूषणातली आणि नंतरची. प्रत्येक काळातल्या पिल्लांना विषारी मायक्रोसिस्टिस खायला घातलं. आधीच्या काळातल्यांची वाढ खूप खुंटली, नंतरच्यांची कमी. म्हणजे काही दशकांत त्या जातीने सहनशक्ती कमावली होती. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘निसर्ग सांभाळून घेईल’ एवढा सैल नाही. जिची एक पिढी एक-दोन आठवड्यांत येते तिला हे जमलं. ज्या माशाला वयात यायला पाच-सात वर्षं लागतात, जो शिंपला अनेक दशकं जगतो, त्यांच्याकडे तेवढ्या पिढ्या कुठून येणार? आणि सहनशील झालेली पिसू विष पोटात घेऊन जगत राहिली, तर तिला खाणाऱ्याच्या वाट्याला काय येणार?

विष पाण्याच्या हद्दीत राहत नाही याचे पुरावे आता भरपूर आहेत. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात समुद्री पाणमांजरं मरू लागली. पिवळी पडलेली, सुजलेल्या, रक्ताळलेल्या यकृतांची. मायक्रोसिस्टिन हे गोड्या पाण्यातलं विष, समुद्रात त्याचा शोध घ्यायचं कारणच नव्हतं. शोधल्यावर ते सापडलं. किनाऱ्यापासून आत असलेल्या एका छोट्या, हिरव्या तलावातून ते नदीवाटे समुद्रात उतरत होतं, शिंपले आणि कालवं ते गाळून स्वतःत साठवत होती, आणि पाणमांजरं तीच खात होती. किमान २१ पाणमांजरांचे मृत्यू या विषाशी जोडले गेले. प्रयोगशाळेत शिंपल्यांमध्ये विषाचं प्रमाण भोवतीच्या पाण्याच्या शंभर पटींच्या आसपास गेलेलं आढळलं. त्या पाण्याचा नमुना कदाचित मर्यादेत बसला असता. शिंपला बसला नसता. आणि शिंपले माणसंही खातात.

दुसरी गोष्ट सुटायला पाव शतक लागलं. १९९४-९५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या अर्कान्सामध्ये डीग्रे तलावाकाठी बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, झोकांड्या खात पडू लागले, २९ मेले. मेंदू तपासला तर त्यातल्या पांढऱ्या भागाला बारीक छिद्रं पडलेली. गरुड चांदवे या पाणपक्ष्यांना खात होते, चांदवे हायड्रिला ही पाणवनस्पती खात होते, आणि हायड्रिलाच्या पानांखाली एक अनोळखी सायनोबॅक्टेरिया वसाहत करून राहिला होता. प्रयोगशाळेत वाढवला तर तो निरुपद्रवी निघे. शेवटी लक्षात आलं की त्याच्या विषाला ब्रोमीन लागतं. वाढत्या पाण्यात ब्रोमाइड घातलं आणि विष तयार झालं. हा उलगडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी एक शंका मांडली आहे, ती वाचून मी अस्वस्थ झालो: हायड्रिला मारण्यासाठी जी तणनाशकं तलावात टाकतात त्यांपैकी एकात ब्रोमाइड असतं.

यावरून मी मूळ भांडणाकडे येतो. तवंग आला की लोक चिडतात, वास येतो, मासे मरतात, आणि प्रशासनावर लगेच काहीतरी करून दाखवण्याचा दबाव येतो. लगेच करता येण्यासारखं काय, तर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाकणं. तवंग दोन-तीन दिवसांत मरतो, पाणी निळसर दिसतं, छायाचित्र काढता येतं. पण जिवंत पेशीत विष बरंचसं बंदिस्त असतं. मोरचूद पेशी फोडतं आणि सगळं विष एकाच वेळी पाण्यात मोकळं होतं. गाळणीत अडकणारी पेशी गेली, गाळणीतून आरपार जाणारं विष उरलं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर नेमकं हेच घडलं. धरणातल्या पाण्याला वास येतो म्हणून मोरचूद टाकलं, आणि काही दिवसांत १४८ माणसं, बहुतेक लहान मुलं, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराने रुग्णालयात पोचली. सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे विष ओळखलं गेलं ते या घटनेच्या तपासातून. बेटावरची मुलं आजारी पडली म्हणून आपल्याला कळलं. त्याच धरणातल्या माशांवर काय गुदरलं ते कुणी मोजल्याचं मला कुठे दिसत नाही. शिवाय तांबं गाळात साठतं आणि शिंपल्यांना, गोगलगायींना, पाणपिसवांना अगदी थोड्या मात्रेतही मारतं. तवंगाला खाऊ शकणारेच आधी जातात. रोगापेक्षा औषध भयंकर असं आपण सहज बोलून जातो, इथे ते अक्षरशः खरं आहे.

कायमचं औषध ठाऊक नाही असं नाही, ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोमध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डमरूच्या आकाराच्या तलावाच्या अरुंद कमरेत प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. त्या तलावाला नाव नाही, २२६ हा क्रमांक आहे. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं. स्फुरद (फॉस्फरस) फक्त एकाच भागात. काही आठवड्यांत स्फुरद घातलेला भाग हिरवा गच्च झाला, दुसरा काळाशार, नितळ राहिला. वरून घेतलेलं ते छायाचित्र अजूनही अंगावर येतं. साबणातला फॉस्फेट दोषी नाही असं सांगणाऱ्यांची बाजू त्याने पुष्कळच लंगडी केली.

नंतरच्या संशोधनाने यात एक दुरुस्ती सुचवली आहे आणि ती मला पटते. काही सायनोबॅक्टेरिया हवेतलं नत्र घेऊ शकतात, म्हणून नत्र कमी करून उपयोग नाही, असं पूर्वी मानलं जाई. पण मायक्रोसिस्टिसला ते जमत नाही, आणि मायक्रोसिस्टिन-एलआरच्या एका रेणूत नत्राचे दहा अणू लागतात. पाण्यात नत्र भरपूर असेल तर हा जिवाणू विषाची चैन करू शकतो. तेव्हा स्फुरद आधी आणि सक्तीने, पण नत्रही, असं धोरण हवं. या दोन पक्षांच्या वादाच्या आड लपून दोन्ही मोकळे सोडणं हे सर्वांत वाईट.

ईरी सरोवर या बाबतीत धडाही आहे आणि इशाराही. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, सांडपाण्यातला आणि साबणातला स्फुरद आवळला, आणि १९८० च्या दशकात सरोवर खरोखर सुधारलं. मग १९९० च्या दशकापासून तवंग परतले. या वेळी स्फुरद येत होता तो जास्त करून शेतांतून, पाण्यात विरघळलेल्या रूपात, पावसाच्या एकेका जोरदार सरीबरोबर. भरीला बाहेरून आलेले झेब्रा शिंपले, जे पाणी गाळताना इतर शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस थुंकून टाकतात. त्यात पाणी तापत चाललंय, आणि मायक्रोसिस्टिसला २५ अंशांच्या वरचं पाणी इतर शेवाळांपेक्षा जास्त मानवतं. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी स्फुरद ४० टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट ठरवलं. इथे शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. जास्त खत टाका असं त्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणीही त्याच पाण्यात उतरतं. पण न्याय्य वाटत नाही म्हणून हिशेब बदलत नाही: पाणलोटातून पाण्यात वर्षाला किती स्फुरद उतरायचा याची एक मर्यादा ठरवावी लागेल, आणि ती शेत, गोठा, कारखाना आणि शहर यांच्यात वाटून द्यावी लागेल.

ती मर्यादा ठरवताना मात्र नळाचा आकडा पुरणार नाही. पाणपिसू टिकेल, माशांची अंडी नीट फुटतील, शिंपला खाणाऱ्याचं यकृत शाबूत राहील, अशा पातळ्या वेगळ्या काढाव्या लागतील, आणि मोजमाप पाण्याच्या जोडीला गाळाचं, शिंपल्यांचं आणि माशांच्या यकृताचंही करावं लागेल. प्राणवायू पहाटे मोजावा लागेल. मासे मेले की शेरा मारण्याआधी यकृत तपासणं बंधनकारक हवं. दाट तवंगावर मोरचूद टाकायला सरळ बंदी हवी. हे सगळं खर्चाचं आहे असं म्हणतात. २०२० मध्ये बोट्स्वानात सुमारे ३३० हत्ती मेले आणि तिथल्या सरकारने पाणवठ्यांतल्या सायनोबॅक्टेरियांच्या विषाकडे बोट दाखवलं, तेव्हा जगभरातून त्याची दखल घेतली गेली. हत्ती मोठा असतो, आकाशातूनही दिसतो. त्याच पाण्यात त्याच्याआधी काय काय मेलं असेल ते दिसण्यासाठी आधी कुणीतरी खाली वाकून मोजायला लागतं, आणि त्याला पैसे लागतात.

यातला एक भाग कोणत्याही नेत्याला अवघड जाणारा आहे, तो म्हणजे वेळ. स्फुरद बाहेरून थांबवला तरी तळाच्या गाळात साठलेला स्फुरद वर येत राहतो, कधी कधी दशकभर. तुरटीने किंवा खास मातीने तो काही काळ जखडता येतो, पण वरून येणं चालू असेल तर तो पैसा पाण्यात. निवडणुकीच्या पाच वर्षांत बरणी नितळ होईलच असं वचन कुणी देऊ नये.

पण ती होते. अमेरिकेत सिएटल शहराला लागून वॉशिंग्टन सरोवर आहे. १९५५ मध्ये सरोवरांचे अभ्यासक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना त्यात ऑसिलेटोरिया या सायनोबॅक्टेरियाचे तंतू वाढताना दिसले आणि पुढे काय होणार ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं. वाद झाले, लोकांनी मतदानाने खर्च मंजूर केला, आणि १९६३ ते १९६८ या काळात शहरांचं सांडपाणी सरोवरातून टप्प्याटप्प्याने वळवलं गेलं. पाणी किती नितळ आहे ते पाहण्यासाठी सोडलेली पांढरी तबकडी तेव्हा उन्हाळ्यात जेमतेम एक मीटरवर दिसेनाशी व्हायची. स्फुरद उतरला, तंतू विरळ होत गेले. तरी पाणपिसवांची गाळणी चोंदण्याइतके ते बरीच वर्षं उरले होते. १९७६ मध्ये ते जवळजवळ संपले, आणि त्याच वर्षी सरोवरात डॅफ्निया उसळली. कुणी ती आणून सोडली नव्हती. पांढरी तबकडी पूर्वीच्या कितीतरी पट खोल जाऊनही दिसू लागली.